रात्री नऊनंतर विमान नको: ओसाकाच्या लोकांनी काय मिळवलं आणि आपण काय मागायचं

२५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणं सुरू झाली आणि तेव्हापासून पनवेल-उलव्याकडून मला एकच प्रश्न येतोय, "साहेब, आवाजाची तक्रार करायची कुठे?" त्यावर लगेच दुसरा कुणीतरी लिहितो, "विमानतळ पाहिजे, जागेला भाव पाहिजे, मग आवाजही घ्या की!" आपल्याकडे हे भांडण नवीन असलं तरी जगात ते ऐंशी वर्षं जुनं आहे. त्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. पोस्ट लांबेल, पण वाचा.

सुरुवात कोंबड्यांपासून. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात ग्रीन्सबरोजवळ थॉमस ली कॉझ्बी नावाचे गृहस्थ कोंबड्या पाळायचे. दुसऱ्या महायुद्धात शेजारचं छोटं विमानतळ लष्कर वापरायला लागलं. उतरणाऱ्या विमानांचा मार्ग त्यांच्या घराच्या जेमतेम ६७ फूट वरून जायचा. कोंबड्या घाबरून उडायच्या आणि भिंतींवर आपटून मरायच्या, कधी कधी एका दिवसात सहा ते दहा. साधारण दीडशे मेल्या आणि धंदा बसला. घरातल्यांची झोप गेली ती वेगळीच.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९४६ च्या निकालात न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. एक, जमीन तुमची म्हणून वरचं आकाश पार स्वर्गापर्यंत तुमचं, ही जुनी कल्पना विमानांच्या युगात चालणार नाही. दुसरी, तरीही इतक्या खालून आणि इतक्या वेळा उडत राहणं म्हणजे सरकारने त्या जमिनीवर हक्क घेतल्यासारखंच आहे, म्हणून भरपाई द्या. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा कॉझ्बींच्याच नावावर होता, पण जमीन वापरण्याजोगी राहिली नव्हती. भूसंपादनात आयुष्य गेलेल्या आपल्या भागातल्या लोकांना हा मुद्दा वकिलाशिवाय कळेल. पुढे १९६२ मध्ये पिट्सबर्गच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने हेही ठरवलं की अशी भरपाई विमानतळाच्या मालकाने द्यायची.

हे सगळं पंख्याच्या विमानांचं. खरा कहर जेटने केला. जेटच्या मागून सुटणारा वायूचा झोत बाहेरच्या हवेवर आदळतो, त्यातून ती गर्जना होते. ब्रिटिश गणिती जेम्स लाइटहिल यांनी १९५२ मध्ये दाखवलं की हा आवाज झोताच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला तर आवाजाची शक्ती २५६ पट! म्हणून आजची इंजिनं जाडजूड दिसतात. पुढचा मोठा पंखा भरपूर हवा कमी वेगाने मागे ढकलतो, त्यामुळे आवाज उतरतो. उतरताना मात्र इंजिन मंद असलं तरी बाहेर आलेली चाकं आणि पंखांचे फ्लॅप हवा कापत असतात, त्यांचा आवाज राहतोच. एकेक विमान पूर्वीपेक्षा खूप शांत झालं, हे कंपन्या सांगतात ते खरंच आहे. पण विमानांची संख्या किती वाढली, ते त्याच दमात कुणी सांगत नाही.

लंडनच्या हीथ्रोवर १९६२ पासून रात्रीच्या उड्डाणांवर बंधनं आली. पण मला जास्त शिकण्यासारखं वाटतं ते जपानमधलं प्रकरण.

ओसाकाचं इतामी विमानतळ दाट वस्तीत आहे. १९६४ मध्ये तिथे जेट आली आणि कौलांखाली राहणाऱ्या लोकांचं बोलणं, झोप, पोरांचा अभ्यास सगळं कोलमडलं. १९६७ मध्ये सरकारने कायदा करून शाळा-दवाखान्यांना आवाज रोखणारी बांधकामं करून द्यायला सुरुवात केली. पण लोकांना दुहेरी काचा नको होत्या, त्यांना रात्र हवी होती. डिसेंबर १९६९ मध्ये शेजारच्या कावानिशी गावच्या रहिवाशांनी थेट सरकारवर दावा लावला. मागणी साधी होती: रात्री नऊ ते सकाळी सात विमान नको आणि झालेल्या त्रासाची भरपाई.

१९७५ मध्ये ओसाका उच्च न्यायालयाने ती मागणी मान्य केली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर १९८१ च्या निकालात झालेल्या त्रासाची भरपाई कायम राहिली, पण उड्डाणं थांबवण्याचा आदेश दिवाणी दाव्यात मागता येणार नाही, असं ठरलं. कागदावर लोक अर्धे हरले. प्रत्यक्षात काय झालं? नऊनंतरची उड्डाणं तोवर बंद झाली होती आणि ती परत सुरू करायची हिंमत कुणी केली नाही. आजही इतामी सकाळी सात ते रात्री नऊ एवढंच चालतं आणि दिवसाच्या फेऱ्यांना ३७० ची मर्यादा आहे. चोवीस तास चालणारं विमानतळ बांधायला जपानला समुद्रात भराव टाकून बेट करावं लागलं. तेच कान्साई, १९९४ मध्ये सुरू झालेलं.

गंमत म्हणजे कान्साई झाल्यावर इतामी बंद करायचं घाटत होतं, तेव्हा ते राहू द्यावं यावर स्थानिक आणि सरकार यांचा १९९० मध्ये करार झाला. म्हणजे आवाजाविरुद्ध बोलणारा प्रत्येक माणूस विमानतळाचा शत्रू असतो, हे काही खरं नाही.

"सवय होते हो" म्हणणाऱ्यांसाठी म्युनिकचं उदाहरण. १९९२ मध्ये तिथलं जुनं विमानतळ बंद होऊन दुसरीकडे नवीन सुरू झालं. संशोधकांनी दोन्हीकडच्या शाळकरी मुलांना आधी आणि नंतर तपासलं. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि स्मरण मागे पडलं, जुन्याजवळच्यांचं सुधारलं. याला सवय होणं म्हणायचं का, तुम्हीच ठरवा.

आता आपल्याकडे या. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. गणपतीत पोलीस जी दाखवतात तीच. पण २०१८ मध्ये केंद्राने विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रासाठी वेगळी मर्यादा काढली. गर्दीच्या विमानतळांना दिवसा ७०, रात्री ६५. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी युरोपसाठी विमानाच्या आवाजाची रात्रीची शिफारस ४० केली. डेसिबलच्या मापात दर १० ला ध्वनिशक्ती दहापट होते, हे लक्षात घेऊन फरक बघा. शिवाय हे सगळे आकडे सरासरीचे. रात्री दोनला एक विमान गेलं, बाळ उठलं, म्हातारी उठली, पण उरलेली रात्र शांत होती म्हणून सरासरी नियमात!

आपला सध्याचा टप्पा एका धावपट्टीचा आणि वर्षाला दोन कोटी प्रवाशांचा आहे. पूर्ण झाल्यावर दोन धावपट्ट्या आणि नऊ कोटी प्रवासी होतील. मागायचं ते आत्ताच मागायला हवं, एकदा रात्रीची वेळापत्रकं भरली की कोण ऐकतंय? माझ्या मते तीन गोष्टी मागाव्यात. ध्वनिक्षेत्राचा नकाशा मराठीत गावागावात लावा. मोजणी यंत्रांचे आकडे रोज जाहीर करा, आणि सरासरीबरोबर रात्रीच्या प्रत्येक विमानाचा आवाजही द्या. रात्री कुठल्या दिशेने किती विमानं नेणार, ते लेखी सांगा.

आणि तक्रार कुठे करायची? तारीख, वेळ, घराचं ठिकाण लिहून विमानतळ चालवणारी कंपनी, सिडको, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि डीजीसीए अशा चौघांनाही एकच पत्र पाठवा आणि पोच घ्या. ग्रामपंचायत किंवा सोसायटीच्या लेटरहेडवर असेल तर उत्तम. एक प्रत मला पाठवा, मी नोंद ठेवतोय.