क्रिस्तपुराण : घरात टिकलेला ग्रंथ

मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ येते ते बहुधा एकाच कारणासाठी. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या चार-दोन ओव्या वाचल्या जातात, एका इंग्रज पाद्र्याने आपल्या भाषेचे कौतुक केले याचे समाधान मानले जाते आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे उरलेले पुराण मिटून ठेवले जाते. या ग्रंथाविषयी विचारावा असा दुसरा एक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या; त्यांपैकी एकाचीही छापील प्रत आज ज्ञात नाही. मग हा ग्रंथ आपल्यापर्यंत पोचला कसा? याचे उत्तर छापखान्याच्या वा धर्मपीठाच्या इतिहासात पुरेसे मिळत नाही. ते कुटुंबाच्या इतिहासात शोधावे लागते.

स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग साष्टी प्रांतात गेला. हा प्रांत तेव्हा शांत नव्हता. देवळे पाडली गेली होती आणि धर्मांतरामागे राजसत्तेचे बळ उभे होते. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले. ज्यांच्यासाठी पुढे क्रिस्तपुराण रचले गेले ती माणसे पहिल्या-दुसऱ्या पिढीची ख्रिस्ती होती. त्यांच्यातले काही मनाने आले होते, काही भयाने, काही लाभासाठी, तर काही केवळ घरातला कर्ता पुरुष गेला म्हणून. धर्म बदलण्याचा दिवस एकच असतो. त्यानंतरच्या रोजच्या संध्याकाळी घरात काय म्हणायचे, मुलांना कोणती गोष्ट सांगायची, हा प्रश्न मात्र संपत नाही.

या प्रश्नाची जाणीव ग्रंथाच्या आरंभीच आहे. मुलांना ख्रिस्ती शिकवण दिली जात असता एक ब्राह्मण पाद्रीगुरूंकडे येतो आणि आपली अडचण मांडतो. शिकवण ठीक आहे. पण पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी आमचे मन रमवील असे दुसरे पुराण आम्हाला का देत नाही? हा प्रसंग कविकल्पित असेल, पण त्यामागचे निरीक्षण अचूक आहे. प्रश्नोत्तराच्या पुस्तकाने सिद्धांत पाठ होतो. घर मात्र कथेवर जगते. स्टीफन्स यांनी सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा ओवीत बांधली. ही ओवी ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वळणाची ग्रंथिक ओवी होय. एकनाथांचे निर्वाण १५९९ चे, म्हणजे हे दोघे काही काळ समकालीनच होते. देवनागरीचे खिळे उपलब्ध नसल्यामुळे ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. पण ज्यांना लिपीच येत नव्हती त्यांचे त्यामुळे काही अडले नाही, कारण पुराण डोळ्यांनी वाचण्यापेक्षा कानांनी ऐकण्यासाठीच असते. रविवारी आणि सणावारी चर्चमध्ये ते वाचले जाई आणि तेथून ऐकलेले घरी येई.

पुढचा इतिहास या घरांच्या कसोटीचा आहे. १६८४ मध्ये विसेरेई कोंद द आल्व्होर याने फर्मान काढले : गोव्यातील लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. १७३६ मध्ये इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्याने तर घराच्या उंबऱ्याच्या आत हात घातला. अंगणातली तुळस, अंगावरचे धोतर-चोळी, लग्नातल्या अनेक चाली त्याने निषिद्ध ठरवल्या. त्या यादीत लग्नप्रसंगी गायल्या जाणाऱ्या ओव्याही होत्या.

येथे अभ्यासकाने क्षणभर थांबावे. लग्नातली ओवी ही बायकांच्या तोंडची लोकओवी; पुराणातली ओवी ग्रंथिक. दोन्हींत छंदशास्त्राच्या दृष्टीने भेद आहे, पण नाते तुटलेले नाही. ज्या छंदाच्या आधाराने एका धर्मगुरूने ख्रिस्ताची कथा घराघरांत पोचवली, त्याच्याच भावंडाला सव्वाशे वर्षांनी त्याच धर्माच्या न्यायासनाने संशयित मानले. स्टीफन्स यांनी जे ओळखले होते ते न्यायासनाने ओळखले नाही. श्रद्धा कुटुंबात रुजायची तर ती त्या कुटुंबाच्या सुरातच रुजते. सूर काढून घेतला तर उरतो तो हुकूम, आणि हुकूम वारशाने देता येत नाही.

सोळाव्या ते अठराव्या शतकांत अनेक ख्रिस्ती कुटुंबे गोव्यातून दक्षिणेस कानडा मुलखात जाऊन वसली. त्यांच्या स्थलांतरामागे दुष्काळ, युद्धे, करांचा बोजा आणि इन्क्विझिशनचा धाक अशी अनेक कारणे होती. त्यांच्याबरोबर क्रिस्तपुराणही गेले, हस्तलिखितांच्या रूपाने. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने मंगळूरकडील या ख्रिस्ती समाजाला बंदिवान करून श्रीरंगपट्टणास नेले. १७९९ मध्ये टिपू पडल्यावरच उरलेल्यांची सुटका झाली. त्या पंधरा वर्षांत क्रिस्तपुराणाच्या पठणाने बंदिवानांना धीर दिला, असे परंपरेने सांगितले जाते. परंपरेची प्रत्येक गोष्ट कागदाने सिद्ध होत नाही. पण धर्मगुरू नाही, चर्च नाही, मिस्सा नाही अशा स्थितीत वाढलेली मुले सुटकेनंतर ख्रिस्ती म्हणूनच परतली, हे तर इतिहासाने पाहिलेले आहे. त्यांना शिकवणारे आईबाप आणि आजी-आजोबा यांच्यावाचून दुसरे कोण असणार?

१९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळुरात क्रिस्तपुराणाची नवी आवृत्ती काढली तेव्हा तिचा आधार होता तो खाजगी मालकीच्या हस्तलिखितांचा. कोणीतरी ती नकलून घेतली होती, कोणीतरी वाळवीपासून राखली होती, कोणीतरी मुलाच्या हाती सोपवली होती. पुढे जस्टिन अ‍ॅबट यांनी लंडनमधील मार्सडन संग्रहातील देवनागरी हस्तलिखिताकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्यातून निघाली आणि मग ग्रंथ मराठीच्या वर्गात आला. आपल्या हातातल्या छापील पानामागे असे अनेक अनाम हात आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांनी तो साहित्य म्हणून जपलेला नव्हता.

लग्नातल्या ओवीचेही तसेच झाले. मंगळूरच्या कॅथलिक घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी वधू-वरांना नारळाचा रस लावण्याचा ‘रोस’ नावाचा विधी होतो. त्या वेळी बायका ‘वोवियो’ गातात. गोव्यात ज्यांवर बंदी आली त्या ओव्यांचेच हे कुळ. त्यांत क्रूसही येतो आणि मायबापही येतात. गोव्याच्या घरांत संध्याकाळी आमोरीची घंटा झाली की आल्ताराशी दिवा लागतो, तेर्स म्हटला जातो आणि शेवटी धाकटी मंडळी वडीलधाऱ्यांकडे ‘बेसांव’ मागतात. प्रार्थनेचा अर्थ मुलाला कळण्याआधी तिची चाल कळते, आणि ती संपली की कोणापुढे वाकायचे हेही कळते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये चर्चविषयक आपल्या दस्तऐवजात कुटुंबाला जणू ‘घरातले चर्च’ म्हटले आणि आईबाप हे मुलांचे श्रद्धेचे पहिले उपदेशक असल्याचे सांगितले. रोममध्ये ते शब्दांत मांडले गेले तेव्हा या किनाऱ्यावरची घरे ते काम साडेतीन शतके करत आली होती. अनेकदा चर्चच्या आधाराने, काही काळ चर्चवाचून आणि क्वचित चर्चच्या हुकुमाला न जुमानता.

आज घराघरांत क्रिस्तपुराण वाचले जात नाही. त्याची मराठी घरच्या कोकणीपासून केव्हाच दूर गेली, आणि अनेक घरांतली संध्याकाळची प्रार्थना आता इंग्रजीत होते. याबद्दल हळहळणे सोपे आहे. परंतु प्रत्येक पिढी आपल्या भाषेत प्रार्थना करणार, हे तर स्टीफन्स यांचेच सूत्र होते. प्रश्न भाषेपेक्षा संध्याकाळचा आहे. सारे घर एकत्र बसून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकते अशी वेळ घरात उरली आहे की नाही? ती वेळ होती म्हणून छापील प्रती नाहीशा झाल्या तरी ग्रंथ राहिला. वर्गात भाषास्तुतीच्या ओव्या जरूर शिकवाव्यात; त्याबरोबर त्या कोणाच्या घरात, कोणाच्या तोंडी जगल्या, हेही सांगावे.