वाट्याचे मटण

'सिंहाचा वाटा' आणि 'खारीचा वाटा' हे दोन्ही शब्दप्रयोग आपण लिहिता-बोलताना सहज वापरतो. दुसरा सेतुबंधनाच्या लोककथेतून आला, पहिला इसापाच्या गोष्टीतून. त्या गोष्टीत शिकारीचे ढीग लावले जातात आणि सारे ढीग सिंहच घेऊन जातो. मराठवाड्यात मटणाचा म्हणून जो वाटा असतो, त्याची रीत याच्या नेमकी उलट आहे. आठ-दहा घरांनी वर्गणी काढून एक सबंध बोकड विकत घ्यावयाचा, कापावयाचा, त्याचे समान ढीग लावावयाचे आणि कोणता ढीग कोणाकडे जाईल हे आधी कोणालाच ठाऊक असू नये, अशी व्यवस्था करावयाची. यात पैसा वाचतो हे उघड आहे आणि बहुतेक कुटुंबे तेवढ्यासाठीच वाटा घेतात. परंतु आपल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या इतिहासात या वाट्याला पैशाहून मोठा अर्थ आहे, असे आम्हांला वाटते.

प्रथम पैशाचीच बाजू पाहू. मलिक अंबरने १६१० साली वसविलेल्या खडकीचे पुढे औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून हे शहर छत्रपती संभाजीनगर झाले. नावे बदलली, छावणीतील गुरुवारचा जनावरांचा बाजार मात्र चालू राहिला. मराठवाड्याची स्वतःची म्हणावी अशी शेळीची जात उस्मानाबादी. बहुधा काळीभोर, काटक, कोरड्या रानावर जगणारी आणि पुष्कळदा जुळी करडे देणारी. पूर्ण वाढलेला नर सुमारे ३४ किलोंचा भरतो, पण वाट्यासाठी लोक त्याहून लहान, कोवळा बोकड पाहतात. सौदा पुष्कळदा काट्यावर होत नाही, नजरेवर होतो. जाणता माणूस दात पाहतो, कण्यावरून आणि कमरेवरून हात फिरवतो आणि मनाशी आकडा धरतो.

हा आकडा चुकू नये म्हणून एक हिशेब ध्यानात ठेवावा लागतो. जिवंत वजनाच्या साधारण ४५ ते ५० टक्के मटण निघते. म्हणजे २४ किलोंच्या बोकडाचे हाडासह ११-१२ किलो. आठ वाटे केले तर घरटी दीड किलोच्या आत-बाहेर. उरलेल्या निम्म्यात पोटातला चारा-पाणी जसा असतो, तशीच मुंडी, चार पाये, वजडी, रक्त आणि कातडेही असते. दुकानदार बोकड आणण्याचा खर्च, दुकानाचे भाडे, न खपलेल्या मालाचे नुकसान आणि स्वतःची रोजी मटणाच्या भावात धरतो, आणि मुंडी-पाये वेगळ्या भावाने विकतो. त्यात गैर काही नाही, तो त्याचा धंदा आहे. वाटेकरी ही सारी कामे स्वतःच्या अंगावर घेतात, म्हणून तेवढे पैसे त्यांच्यापाशी राहतात. मात्र ज्या घरात मुंडी शिजत नाही, पाये भाजून त्यांचा रस्सा होत नाही, वजडी साफ करावयाला कोणी बसत नाही, त्या घराला सबंध बोकड स्वस्त पडत नाही. खरी बचत मांडीच्या मटणात नसून या टाकाऊ समजल्या जाणाऱ्या भागांत आहे. वजडी गरम पाण्यात घालून, खरवडून स्वच्छ करणे हे वेळखाऊ आणि किळसवाणे काम. ते नेहमी बायकांकडेच आले. बचतीचा हिशेब मांडताना पुरुष मंडळी ही मजुरी धरीत नाहीत, हेही येथे नोंदवून ठेवतो.

बाजार गुरुवारचा आणि शुक्रवार आपला मांसवर्ज्याचा. त्यामुळे कॅथोलिक वस्तीतला बोकड दोन-तीन दिवस दारात लिंबाचा पाला खात उभा राहतो आणि रविवारी मिस्सा आटोपल्यावर कापला जातो. तेवढ्यात मुले त्याला नाव ठेवतात आणि मग रविवारी जेवावयाला कुरकुरतात. हा त्या बाजाराच्या वाराचा दोष!

वाट्याची रीत मुळात बचतीसाठी निघाली नसावी. शीतकपाट नसलेल्या काळात मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कापलेले जनावर रात्रीपर्यंत संपविणे भाग होते. एका घराला ते संपणार नव्हते. तेव्हा एकतर शेजाऱ्यांना वाटेकरी करून घ्या, नाहीतर मांसाच्या लांब पट्ट्या काढून उन्हात दोरीवर वाळत घाला. या वाळवलेल्या पट्ट्यांना आपल्याकडे चान्या म्हणतात. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची जी नोंद करून ठेवली आहे, ती आपल्या वाचकांनी आवर्जून पाहावी. पुष्कळांना आपल्या आजीचे स्वयंपाकघर तेथे सापडेल.

वाटणीची पद्धत पाहण्यासारखी असते. मांसाचे तुकडे एकत्र केले जातात. काळीज, गुर्दा, बरगडी, चरबी, मांडी यांतले थोडे थोडे प्रत्येक ढिगात पडलेच पाहिजे. देशात १९५८ पासून मेट्रिक वजने आली आणि पुढे तागडीही खेड्यांत पोहोचली, पण वाटे लावणारा माणूस तिच्याकडे फारसा पाहत नाही. कारण तागडी वजन सांगते, हाड किती आणि बोटी किती ते सांगत नाही. ढीग लागले की वाटेकरी ते निरखतात, एखादा म्हणतो, "त्यातलं एक हाड इकडं टाका," आणि सर्वांचे समाधान झाल्यावरच एकाला पाठमोरा उभा करतात. दुसरा ढिगावर काठी ठेवून विचारतो, "हा कुणाचा?" पाठमोरा माणूस नाव घेतो. कोठे चिठ्ठ्या टाकतात, कोठे प्रत्येकाने दिलेला खडा वा काडी लहान मुलाच्या हाताने ढिगांवर ठेवतात. वाटे लावणाऱ्याला आपला वाटा कोणता हे ठाऊक नसते, म्हणून त्याचा हात सरळ चालतो. न्यायदानाची इतकी साधी युक्ती आम्हांला दुसरीकडे क्वचितच आढळली.

बायबल वाचणाऱ्यास यातले काही ओळखीचे वाटेल. निर्गमच्या बाराव्या अध्यायात वल्हांडणाच्या कोकराविषयी जी आज्ञा आहे, तिच्यात एका घराला सबंध कोकरू जास्त होत असेल तर त्याने शेजारच्या घराला सोबत घ्यावे, माणसे मोजावीत आणि प्रत्येकाच्या खाण्याच्या मानाने हिशेब करावा, असे सांगितले आहे. जनावर मेंढरांतले किंवा शेरडांतले चालते, ते एक वर्षाचा नर असावे, मुंडी, पाय आणि आतड्यांसह भाजावे, सकाळपर्यंत काही उरवू नये. गुलामगिरीतून निघण्याच्या रात्रीचे हे जेवण आहे. त्या रात्रीच्या गंभीर आज्ञांमध्येही लहान कुटुंबाच्या ऐपतीचा आणि शेजाऱ्याचा विचार झालेला आहे, इकडे प्रवचनांत फारसे कोणी लक्ष वेधीत नाही. आम्हीही वर्षानुवर्षे तो श्लोक भरभर वाचूनच पुढे जात असू.

आपल्या शहरात हीच रीत मुसलमान शेजाऱ्यांच्या घरी बकरी ईदला दिसते. तेथे बकरा एका हिश्श्याचा आणि मोठे जनावर सात हिश्श्यांचे, असा धर्मनियमच आहे. सात जण पैसे घालतात, कुर्बानी सातही जणांची होते, आणि मग प्रत्येकाने आपल्या मांसाचे घर, नातलग आणि गोरगरीब असे तीन भाग करावेत असा प्रघात आहे. खेड्यांत तर या कामाने धर्माची भिंत केव्हाच ओलांडली होती. जत्रेचा वा नवसाचा बोकड हिंदू घरचा असला तरी सुरी मुलाण्याची, आणि त्याबद्दल त्याचा मांसातला हक्क ठरलेला. शहराची ओळख होऊन बसलेला नान खलियासुद्धा शेकडो माणसांना एकदम जेवू घालण्याच्या गरजेतून, मुहम्मद तुघलकाच्या देवगिरीस आलेल्या फौजेसाठी निघाला, असे परंपरा सांगते.

येथवर आम्ही विकत घेतलेल्या जनावराविषयी लिहिले. आपल्या पूर्वजांपैकी पुष्कळांना ठाऊक असलेला पहिला वाटा विकत घेतलेला नव्हता. मराठवाड्यातील कॅथोलिक कुटुंबांपैकी बरीचशी गावकुसाबाहेरच्या महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून आलेली आहेत. वैजापूर तालुक्यातील घोगरगावासारख्या ठिकाणी फ्रेंच मिशनरी काम करू लागले, तेव्हा हा भाग नागपूर धर्मप्रांतात होता. पुढे १९५५ साली अमरावतीचा आणि १९७७ साली औरंगाबादचा धर्मप्रांत झाला. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात त्या काळची बलुत्यांची व्यवस्था वाचावयास मिळते. गावात मेलेले ढोर ओढून नेणे हे महारांचे काम आणि त्याचे मांस हा त्या कामाच्या मोबदल्याचा भाग. वतनात जशा तक्षिमा, तसे भावकीत त्याचे वाटे. सबंध जनावर, ठरलेले वाटे आणि एका पैचाही खर्च नाही! निव्वळ बचत पाहिली तर याहून स्वस्त मांस जगात नसेल. परंतु ते कधी मिळेल हे खाणाऱ्याच्या हाती नव्हते, जनावर कशाने मेले हे विचारण्याची सोय नव्हती, आणि ज्या गावाने ते ओढावयास लावले तेच गाव ते खाल्ल्याबद्दल त्याला विटाळ ठरवीत होते.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस खाणे सोडून देण्याचे आवाहन केले. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्यामुळे ते कायदे आपल्याला लागू नव्हते, पण विचाराला सरहद्द अडवीत नाही. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नडजवळच्या मक्रणपूरला परिषद भरली, १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. ख्रिस्ती झालेली घरे आणि पुढे १९५६ नंतर बौद्ध झालेली घरे एकाच भावकीची होती. एका घरात सुरू झालेली चर्चा दुसऱ्या घराच्या चुलीपर्यंत पोहोचल्यावाचून राहणे शक्य नव्हते.

मृत मांस सोडा, हे सांगणे सोपे होते. फुकटचे मांस आणि अडीअडचणीला मडक्यात ठेवलेल्या चान्या एकदम बंद करणे म्हणजे वर्षातून कितीतरी वेळा कोरड्या भाकरीवर राहणे होते. ही किंमत त्या पिढीने मोजली, आणि तिची दखल आपल्या इतिहासलेखनात फार थोडी घेतली गेली आहे. मग सणाला मांस कोठून यावे? एका शेतमजुराला बोकड घेणे शक्य नव्हते, दहा जणांना होते. पडलेल्या ढोराचे वाटे घालण्याची जी कला वाड्याला पिढ्यान्पिढ्या अवगत होती, तीच आता बाजारातून पारखून, हात फिरवून, घासाघीस करून आणलेल्या जिवंत बोकडाला लागू झाली. जनावर बदलले, वाटणी तीच राहिली. नाताळच्या आणि पुनरुत्थानाच्या सणाला दारात बांधलेला तो बोकड त्या घरांना स्वतःच्या कमाईचा पुरावा वाटला असेल, यात आम्हांला शंका नाही. आज आपण ज्याला काटकसर म्हणतो, ती त्यांच्या दृष्टीने चैन होती.

दैवाचा खेळ असा, की सबंध जनावरे सर्वांत स्वस्त झाली ती १९७२ च्या दुष्काळात. चारा नव्हता, शेतकरी गुरे मातीमोलाने विकत होते, आणि तेव्हाच कोणापाशी वर्गणीला पैसा नव्हता.

मोठ्या जनावराच्या वाट्याचा प्रश्न आता कायद्याने बराचसा मिटवून टाकला आहे. महाराष्ट्र पशुसंरक्षण कायदा १९७६ चा. त्यातील १९९५ च्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती २०१५ साली मिळाली आणि त्या वर्षीच्या मार्चपासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीला ती लागू नाही. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये ही बंदी कायम ठेवली, मात्र परराज्यातून आलेले मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले. या कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही येथे एवढेच म्हणतो, की कमी उत्पन्नाच्या घराला परवडणारा वाटा मोठ्या जनावराचाच होता, आणि बोकडाच्या वाट्याने त्याची जागा भरून निघालेली नाही.

शहरात बोकडाच्या वाट्यालाही नियम आहेत. २००१ च्या केंद्रीय नियमांनुसार महापालिका हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही. तेव्हा चाळीच्या अंगणातला जुना सोहळा आता तेथे व्हावयाचा नाही, आणि स्वच्छतेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. नव्या वसाहतींत घरोघरी मोठी शीतकपाटे आली आहेत. दोन भाऊ मिळून सबंध बोकड कापून आणतात, पिशव्या भरून ठेवतात आणि महिनाभर पुरवतात. पैसा त्यांचाही वाचतो. वाटेकरी मात्र लागत नाही.

गावाकडे अजून वाटे पडतात. वर्गणी गोळा करणारा तरुण आता मोबाइलवर नावे घेतो, काही जण पैसेही त्यावरच पाठवतात. तंटा होतो तो मुंडीवरून. ती कोणाची, यावर आधीच ठराव झालेला बरा. कोठे तिचा वाटेकऱ्यांतच लिलाव करतात आणि आलेले पैसे वर्गणीतून वजा होतात, कोठे ती ज्याने बाजारात जाऊन बोकड आणला त्याला देतात. कातड्याचा प्रश्न मात्र नवा आहे. पूर्वी कापणाऱ्याची मजुरी बहुधा कातड्यातच फिटत असे. अलीकडच्या वर्षांत कातड्याचा भाव इतका उतरला आहे, की कापणारा ते घ्यावयास राजी नसतो, मजुरी रोख मागतो, आणि ती प्रत्येक वाट्यावर वेगळी चढते.