बान्झुके: सुमोच्या क्रमवारीची कुळकथा

टोकियोत सुमोची स्पर्धा भरायची असते तेव्हा तिच्या तेरा दिवस आधीच्या सोमवारी र्योगोकु भागातल्या कोकुगिकान आखाड्याच्या दारात सकाळीच तालमींच्या गाड्या येऊन लागतात. डोक्यावर बुचडा बांधलेले तरणे मल्ल कागदांचे गठ्ठे खांद्यावरून आणून गाडीत टाकतात आणि तालमीत नेतात. त्यानंतर अख्खी तालीम फतकल मारून बसते आणि कागदांच्या घड्या घालून पाकिटं भरायला लागते. ही पाकिटं तालमीच्या पाठीराख्यांकडे टपालाने जातात. देणगी देणाऱ्या बड्या शेटजीला जो कागद मिळतो, तोच तिकीटखिडकीवरून विकत घेणाऱ्या साध्या रसिकालाही मिळतो. या कागदाचं नाव बान्झुके.

बान्झुके म्हणजे सुमोतल्या झाडून सगळ्या मल्लांची क्रमवारी. कागद 58 सेंटिमीटर लांब आणि 44 सेंटिमीटर रुंद. उजवी बाजू पूर्वेची, डावी पश्चिमेची. एकाच दर्जाच्या दोन मल्लांत पूर्वेकडचा किंचित वरचा मानतात. वरून खाली पाच ओळी. पहिल्या ओळीत अव्वल गटाचे 42 मल्ल असतात आणि त्यांतही योकोझुना या सर्वोच्च मल्लांची नावं सगळ्यांत जाड. दुसऱ्या ओळीपासून अक्षरं बारीक होत जातात. पाचव्या ओळीत नुकती सुरुवात केलेली पोरं असतात. त्यांची नावं केसासारखी बारीक, म्हणून या सगळ्यांत खालच्या गटाला सुमोच्या बोलीत ‘भिंग’ असंच नाव पडलं आहे.

कागदाच्या मधोमध मात्र कुणा मल्लाचं नाव नसतं. तिथे ठसठशीत अक्षरांत ‘परवानगी मिळाली आहे’ अशा अर्थाचा मजकूर असतो. आज सुमो भरवायला कुणाच्या परवान्याची गरज नाही, तरी तो मजकूर गेलेला नाही. या कागदाचं कूळ तिथेच सापडतं.

सतराव्या शतकात एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, रस्त्यांवर पैशांसाठी कुस्त्या लागत. त्यात बेकार सामुराई उतरत, बघे पैजा लावत आणि शेवट बहुधा मारामारीत होई. शोगुनच्या सरकारने अशा कुस्त्यांवर वारंवार बंदी घातली. त्यातून वाट निघाली ती देवळाच्या नावाने. 1684 मध्ये इकाझुची गोंदायू या मल्लाने फुकागावातल्या तोमिओका हाचिमान देवस्थानात निधी गोळा करण्यासाठी सुमो भरवण्याचा परवाना मिळवला. देवळांचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी, ठरलेली जागा, ठरलेले दिवस, अशी चौकट त्यातून बसली. परवाना असल्याचं लोकांना आणि शिपायांना दिसावं म्हणून फलक लागू लागला, त्यावर मल्लांची नावंही आली. असा लाकडी फलक आजही स्पर्धेच्या ठिकाणी ढोल वाजवायच्या मनोऱ्याखाली टांगतात.

फलकावरची नावं कागदावर आली तेव्हा क्योतो-ओसाकाकडे पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या मल्लांसाठी दोन वेगळे कागद छापत. 1757 मध्ये एदोकरांनी दोन्ही बाजू एकाच उभ्या कागदावर बसवल्या. कागद एक झाल्यामुळे नजरेच्या एका फेरीत कोण कुणाच्या वर आणि कोण कुणासमोर, हे दिसू लागलं. लाकडी ठशांनी छापलेला हा कागद स्वस्त होता आणि घरी नेता येत होता. ज्याला आखाड्यापर्यंत जाणं जमलं नाही, तोही आता सुमोबद्दल हुज्जत घालू शकत होता. परवान्याच्या जाहिरातीने सुमोला बघ्यांच्या जोडीला वाचकही मिळवून दिले.

छापलेलं सगळं खरंच असे, असं मात्र नाही. त्या काळी सर्वांत वरचा दर्जा ओझेकी. गर्दी खेचण्यासाठी आयोजक एखाद्या धिप्पाड माणसाला थेट त्या जागेवर बसवत, कुस्ती त्याला येवो न येवो. अशांना ‘फलकावरचा ओझेकी’ म्हणत. पुढे दंतकथा बनलेला तानिकाझे काजिनोसुकेही 1769 मध्ये दातेगासेकी या नावाने असाच थेट वरून आला. पण त्याला ती शोभेची जागा रुचली नाही. तो आपणहून खालच्या दर्जावर उतरला आणि लढत लढत परत वर चढला. 1789 मध्ये ओनोगावासोबत त्याला योकोझुनाचा परवाना, म्हणजे कमरेला पांढरा दोर बांधण्याचा मान मिळाला. बान्झुकेवर त्यामुळे काहीच बदललं नाही. योकोझुना हा तेव्हा मान होता, दर्जा नव्हता.

तो शब्द कागदावर यायला 1890 साल उजाडलं, आणि तेही रुसव्यातून. निशिनोउमी काजिरो याला योकोझुनाचा मान मिळाला, पण त्या स्पर्धेच्या बान्झुकेवर त्याचं नाव नेहमीच्या चौकटीबाहेर, कडेला काढलेल्या जादा जागेत पडणार होतं. तो नाराज झाला. त्याची समजूत काढायला नावावर ‘योकोझुना’ असं छापलं गेलं. मग इतरांनाही ते हवंसं वाटलं तर नवल नाही. 1909 मध्ये योकोझुना हा रीतसर सर्वोच्च दर्जा ठरला. एका मल्लाची नाराजी दूर करायला केलेली सोय वीस वर्षांच्या आत नियम झाली.

नावाच्या वर काय छापायचं, हेही काळाबरोबर बदललं. एदो काळात नामांकित मल्ल सरदारांच्या पदरी असत, म्हणून त्यांच्या नावावर पोशिंद्या सरदाराच्या जहागिरीचं नाव येई. सरदारकी गेली आणि त्या जागी मल्लाचा मूळ प्रांत आला. आता तिथे आओमोरी, इशिकावा यांच्या शेजारी मंगोलियाही दिसतो.

एकोणिसाव्या शतकापर्यंत हा साचा लोकांच्या इतका अंगवळणी पडला, की सुमोशी काडीचा संबंध नसलेल्या गोष्टीही त्यात बसू लागल्या. गरम पाण्याच्या झऱ्यांचा बान्झुके निघाला: पूर्वेचा ओझेकी कुसात्सु, पश्चिमेचा ओझेकी आरिमा, आणि ज्याला कुणाशी तोलणंच बरं नव्हतं त्या कुमानोच्या पवित्र झऱ्याला मधल्या रकान्यात पंचाची जागा. काटकसरीच्या रोजच्या जेवणाचाही निघाला. त्यात एका बाजूला शाकाहारी पदार्थ, दुसऱ्या बाजूला मासे. शाकाहाऱ्यांचा ओझेकी टोफूचा एक साधा रस्सा, मासळीचा ओझेकी काडीत ओवून सुकवलेली तारली. खानावळी, धनिक, सूडकथा, कशाचीही क्रमवारी लागली. सरकारी परवान्याच्या मजकुराच्या जागी छापणारे ‘अवलोकनार्थ’ अशा धाटणीचं काहीतरी टाकून मोकळे होत. ही सवय टिकली. सर्वाधिक कर भरणाऱ्यांची जी यादी जपानचं करखातं 2000 च्या दशकाच्या मध्यापर्यंत जाहीर करत असे, तिला वर्तमानपत्रं ‘धनिकांचा बान्झुके’च म्हणत.

मूळ बान्झुके आजही हाताने लिहिला जातो आणि लिहिणारा असतो ग्योजी, म्हणजे आखाड्यातला पंच. एरवी रेशमी पोशाखात हातपंखा उंचावणारा हा माणूस स्पर्धांच्या मधल्या काळात सुमारे 110 सेंटिमीटर लांबीच्या कागदावर ओणवा होऊन कुंचल्याने शेकडो नावं काढतो. छपाईत तो कागद जवळपास निम्म्यावर येतो. अक्षरांचं हे वळण नेगिशी घराण्याच्या नावाने ओळखलं जातं, कारण एदोतल्या बान्झुकेची छपाई पिढ्यानपिढ्या त्यांच्याकडे होती. अक्षरं जाड आणि एकमेकांना खेटून. आखाड्यात प्रेक्षकांची अशीच दाटी व्हावी, फट राहू नये, म्हणून तसं लिहितात असं सांगतात.

रसिकाला या कागदातून काय वाचता येतं, हे तेरुनोफुजीच्या नावावरून कळतं. मंगोलियाचा हा मल्ल 2015 मध्ये ओझेकी झाला तेव्हा पहिल्या ओळीत जाड अक्षरांत होता. मग गुडघे गेले, मधुमेहाने गाठलं. बान्झुकेवर त्याचं नाव एकेक ओळ खाली घसरत गेलं आणि मार्च 2019 मध्ये ते चौथ्या ओळीत, 48 व्या क्रमांकावर, बारीक अक्षरांत सापडलं. ओझेकीपद भोगलेला मल्ल इतका खाली आल्यावर सहसा निवृत्ती घेतो. हा थांबला नाही. जुलै 2020 मध्ये तो पहिल्या ओळीच्या अगदी शेपटाला, माएगाशिरा या अव्वल गटातल्या सगळ्यांत खालच्या दर्जाच्या 17 व्या जागेवर होता आणि तिथून त्याने स्पर्धा जिंकली. त्या स्पर्धेला नवा बान्झुकेही नव्हता. महासाथीमुळे मे महिन्याची स्पर्धा रद्द झाली होती, म्हणून तिच्यासाठी आधीच छापलेली क्रमवारीच जुलैला वापरली. पुढच्याच वर्षी तेरुनोफुजी 73 वा योकोझुना झाला. ज्यांनी ते सगळे बान्झुके जपून ठेवले, त्यांच्याकडे त्याचं चरित्रच आहे.

वर्षातून सहा स्पर्धा, प्रत्येकी पंधरा दिवस. वरच्या दोन गटांत रोज एक लढत, म्हणून आठ जिंकल्या की मल्ल बहुधा वर, आठ हरल्या की खाली. पण किती वर आणि किती खाली, हे ठरवणारं सूत्र नाही. वरच्या जागेवरचे किती जण घसरले, त्यावर ते ठरतं आणि निवाडा पंचमंडळ करतं. मंडळाची बैठक स्पर्धा संपल्यावर येणाऱ्या बुधवारी होते. दुसऱ्या गटात, म्हणजे जुर्योत, नव्याने आलेल्यांची नावं लगेच सांगतात, कारण पगार सुरू होणाऱ्या या मल्लांना भरजरी समारंभी लंगोट करवून घ्यायला वेळ हवा असतो आणि तो बहुधा पाठीराख्यांच्या पैशातून होतो. बाकी बहुतेकांचा निकाल जवळपास चार आठवडे गुलदस्त्यात राहतो. तेवढ्या काळात पक्के रसिक कोऱ्या कागदावर पूर्व-पश्चिमेचे रकाने आखून आपला बान्झुके मांडतात, खोडतात, पुन्हा मांडतात. सोमवारी छापील कागद आला की दोन्ही शेजारी ठेवून ताळा बघतात. आपल्या मल्लाला मंडळाने एक जागा कमी दिली, ही तक्रार पहिल्या दिवसाच्या पहिल्या लढतीपर्यंत पुरते.