महाराष्ट्रातील दूरसंचार, खासगीपणा व आपत्कालीन दूरध्वनी सेवांविषयीचे कायदे

महाराष्ट्रातील दूरसंचार, खासगीपणा व आपत्कालीन दूरध्वनी सेवांविषयीचे कायदे म्हणजे दूरध्वनी व इंटरनेट यांच्या वापरावर राज्यात लागू असलेल्या केंद्रीय व राज्य कायद्यांचा आणि नियमांचा समूह होय. फोन टॅपिंग, इंटरनेट सेवा स्थगित करणे आणि ११२, १०८ यांसारखे आपत्कालीन क्रमांक हे त्यातील प्रमुख विषय आहेत. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात हे तिन्ही विषय प्रत्यक्ष व्यवहारात एकत्र येतात.

घटनात्मक चौकट

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार टपाल, तार, दूरध्वनी व तत्सम दळणवळण हा संघ सूचीतील ३१ व्या नोंदीचा विषय आहे. त्यावर कायदे करण्याचा अधिकार संसदेचा आहे. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे मात्र राज्य सूचीतील पहिल्या व दुसऱ्या नोंदीचे विषय आहेत. त्यामुळे दूरध्वनीचे जाळे केंद्राच्या कायद्याखाली आणि त्यावर आलेल्या हाकेला धावून जाणारा पोलीस राज्याच्या अखत्यारीत, अशी विभागणी झाली आहे.

मकोका व फोन टॅपिंग

महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९ (‘मकोका’ किंवा ‘मोक्का’) हा राज्य विधिमंडळाचा कायदा असून त्याच्या कलम १३ ते १६ मध्ये संभाषण टॅप करण्याची तरतूद आहे. पोलीस अधीक्षक वा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला त्यासाठी गृह विभागातील सचिव दर्जाच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. एका वेळी जास्तीत जास्त ६० दिवसांची परवानगी मिळते. तातडीच्या प्रसंगी अपर पोलीस महासंचालक परवानगी देऊ शकतात. मात्र ४८ तासांच्या आत रीतसर अर्ज करावा लागतो. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रत्येक आदेशाचे पुनर्विलोकन करते. परवानगीशिवाय टॅपिंग केल्यास एक वर्षापर्यंत कारावास व ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची शिक्षा आहे.

दूरध्वनी हा केंद्राचा विषय असल्याने राज्याला असा कायदा करता येत नाही, या कारणास्तव मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली ही कलमे रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २००८ रोजी तो निर्णय फिरवला. कायद्याचा गाभा संघटित गुन्हेगारीला आळा घालणे हा असून तो सार्वजनिक सुव्यवस्था व पोलीस या राज्याच्या विषयांत बसतो, असे न्यायालयाने म्हटले.

खासगीपणाचे संरक्षण

मकोकाबाहेरील प्रकरणांत टॅपिंगचा आधार भारतीय तार अधिनियम, १८८५ चे कलम ५(२) हा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली त्याच्या वापरासाठी कार्यपद्धती घालून दिली आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने दिला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये लाचखोरीच्या एका प्रकरणातील टॅपिंगचे आदेश रद्द करून ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी एकही कारण नसताना संभाषण टॅप करता येणार नाही, असे त्या निकालाचे सूत्र होते.

दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम २० मध्ये टॅपिंग व सेवा स्थगितीचे अधिकार पुढे चालू ठेवले आहेत. बेकायदा टॅपिंगसाठी या अधिनियमात तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार जीवावर बेतलेल्या वैद्यकीय प्रसंगात संमतीविना माहिती वापरता येते.

इंटरनेट सेवेची स्थगिती

मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात ३० जुलै २०१८ रोजी चाकण येथे पुणे-नाशिक महामार्गावर जाळपोळ झाली. त्यानंतर ९ ऑगस्टच्या बंदच्या दिवशी खबरदारी म्हणून पुणे जिल्ह्यातील सात तालुक्यांत इंटरनेट सेवा स्थगित करण्यात आली. त्यांत चाकण ज्या तालुक्यात येते तो खेड आणि तळेगाव दाभाडे ज्यात येते तो मावळ यांचा समावेश होता. अशी स्थगिती त्या वेळी २०१७ च्या केंद्रीय नियमांखाली होत असे. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध करणे बंधनकारक ठरवले. २०२४ च्या नियमांनुसार एका आदेशाची मुदत १५ दिवसांहून अधिक असू शकत नाही.

आपत्कालीन क्रमांक

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर देशभर एकच आपत्कालीन क्रमांक असावा, या मागणीने जोर धरला. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१५ साली त्यासाठी ११२ या क्रमांकाची शिफारस केली. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी प्रत्येक नव्या मोबाइल संचात आपत्कालीन बटण सक्तीचे केले. साध्या संचात ५ किंवा ९ चे बटण दाबून धरल्यास, तर स्मार्टफोनमध्ये पॉवर बटण लागोपाठ तीनदा दाबल्यास ही सोय मिळते.

महाराष्ट्रात ११२ ची यंत्रणा २०२१ साली सुरू झाली. कॉल नवी मुंबई व नागपूर येथील केंद्रांत घेतले जातात आणि तेथून संबंधित जिल्हा वा आयुक्तालयाच्या नियंत्रण कक्षाकडे व पुढे गस्तीच्या वाहनाकडे जातात. रुग्णवाहिकेसाठीची १०८ सेवा जानेवारी २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांच्या योजनेसह सुरू झाली. ती शासनाने चिंचवडस्थित ‘बीव्हीजी इंडिया’ या कंपनीशी केलेल्या कराराद्वारे चालवण्यात आली. शेजारच्या गुजरातने या सेवेसाठी २००७ साली स्वतंत्र अधिनियम केला होता.

पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील स्थिती

पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी अस्तित्वात आले. पुणे शहर व पुणे ग्रामीण या दोन्ही दलांकडील पोलीस ठाणी त्यात घेण्यात आली. चाकण, आळंदी, देहूरोड व तळेगाव ही त्यांपैकी होत. खेड तालुक्याचा उरलेला भाग पुणे ग्रामीण पोलिसांकडे राहिला. परिणामी एकाच तालुक्यातील दोन कॉल दोन वेगवेगळ्या नियंत्रण कक्षांकडे पाठवावे लागतात. वसाहतीच्या टप्प्यांचे क्रमांक व गावांची नावे परप्रांतीय कामगारांना ठाऊक असतीलच असे नाही; अशा वेळी मोबाइलवरून मिळणारे कॉलरचे ठिकाण निर्णायक ठरते. कॉलरचा ठावठिकाणा कळणे हीच जीव वाचवणारी सोय आहे आणि तीच खासगीपणाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक माहितीही आहे.

हे सुद्धा पहा

महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम
पिंपरी-चिंचवड महानगरपालिका
चाकण
माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००