आरसा आणि अंतरपाट

मंगलाष्टके संपतात, अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात आणि वधूवर परस्परांना हार घालतात. शिरूर काय किंवा दौंड काय, कोणत्याही मंगल कार्यालयात या क्षणी सर्वांत पुढे छायाचित्रकार उभा असतो. गंमत अशी की, हातात डीएसएलआर कॅमेरा असेल, तर सर्वांना दिसलेला तो नेमका क्षण त्याला एकट्याला दिसत नाही.

याचे कारण कॅमेऱ्याच्या रचनेतच आहे. भिंगामागे ४५ अंशांत कललेला एक आरसा असतो. भिंगातून आलेला प्रकाश तो वरच्या दुधी काचेकडे वळवतो. तेथली प्रतिमा डावी-उजवी उलटलेली असते. पंचकोनी लोलक ती सुलट करून डोळ्यापर्यंत पोहोचवतो. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो, पडदा उघडतो, प्रकाश संवेदकावर पडतो आणि आरसा खाली येतो. तेवढा वेळ, म्हणजे साध्या कॅमेऱ्यात सेकंदाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका, डोळ्यापुढे अंधार असतो.

हा अंधार तसा जुनाच. मुंबईत १८५४ साली छायाचित्रण संस्था स्थापन झाली, त्या काळी छायाचित्रकार काळ्या कापडाखाली शिरून काचेवरची उलटी प्रतिमा न्याहाळीत असे. पण काचेच्या जागी प्लेट बसली की त्याचे पाहणे संपले. थॉमस सटनने १८६१ साली आरशाच्या कॅमेऱ्याचे पेटंट घेतले, ते या अडचणीवर तोड म्हणून. १९३६च्या किने एक्झाक्टातही एकदा वर गेलेला आरसा फिल्म पुढे सरकवेपर्यंत वरच राही. १९४९च्या काँटॅक्स एसने लोलक आणला, १९५४ साली जपानच्या असाही कंपनीने आपोआप परतणारा आरसा बसवला आणि १९५९च्या निकॉन एफने ही रचना व्यावसायिकांत रुजवली. जवळजवळ शंभर वर्षे खटपट झाली ती अंधाराचा कालावधी कमी करण्यासाठी. अंधार गेला नाही.

तालुक्याच्या गावातील छायाचित्रकाराच्या दृष्टीने खरा प्रश्न पुढचा होता. ३६ फोटोंचा रोल धुऊन येईपर्यंत अंतरपाटाचा क्षण सापडला की निसटला, हे त्याला कळतच नसे, आणि लग्न काही पुन्हा लागत नाही. कोडॅकने १९९१ साली निकॉन एफ३च्या अंगावर संवेदक चढवून पहिला व्यापारी डीएसएलआर विकायला काढला, तेव्हा चित्रे साठवणारी पेटी वेगळी खांद्याला अडकवावी लागे. १९९९चा निकॉन डी१ आणि हजार डॉलरांच्या आत आलेला २००३चा कॅनन ३००डी यांनंतर हे यंत्र सामान्य व्यावसायिकाच्या आवाक्यात येऊ लागले. मोठ्या संवेदकामुळे मांडवातल्या अपुऱ्या उजेडातही चित्र स्वच्छ येई, भिंगे बदलता येत, हे सारे खरेच. पण आमच्या मते निर्णायक ठरला तो पाठीवरचा छोटा पडदा. न दिसलेला क्षण तेथे लगेच पाहता येऊ लागला.

पक्षी टिपणाऱ्यांचे कारण मात्र निराळे. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली किंवा दौंडच्या पुढे, इंदापूर तालुक्यातले भिगवण येथे जाणाऱ्यांना ते ठाऊक आहे. उजनीच्या जलाशयावरून रोहित पक्ष्यांचा थवा उठतो तेव्हा त्या काळच्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याचे बटण दाबावे आणि चित्रात नुसते पाणी यावे, अशी गत होई. आरशातून दिसतो तो प्रत्यक्ष प्रकाश. त्याला विलंब नाही. सलग चित्रे घेताना प्रतिमा लुकलुकते, पण प्रत्येक अंधारानंतर पक्षी जेथे आहे तेथेच दिसतो.

पुढे आरसाच गेला. पॅनासॉनिकने २००८ साली बिनआरशाचा जी१ आणला. निकॉन आणि कॅनन यांनी २०१८ साली आपले मोठ्या संवेदकाचे बिनआरशाचे कॅमेरे काढले. सोनीच्या २०१७च्या ए९मध्ये तर सलग चित्रे घेतानाही अंधार होत नाही. पण डोळ्याला आता दिसते ते संवेदकाने वाचून, संगणकाने रचून दिलेले चित्र. प्रत्यक्ष उजेड नव्हे. प्रकाश कमी-जास्त झाला तर तो आधीच कळतो, ही सोय नाकारण्याचे कारण नाही. तरी अंधार गेला म्हणून पाहणे वाढले, असे म्हणायला आमचे मन धजत नाही.

असो. परतणारा आरसा रूढ करणाऱ्या असाहीची पेंटॅक्स ही नाममुद्रा आता रिको कंपनीकडे आहे. इतर कंपन्या आरसा सोडून निघाल्या असताना, २०२१ साली तिने के-३ मार्क ३ हा नवा डीएसएलआर बाजारात आणला. लोलकातले दृश्य अधिक मोठे आणि उजळ दिसावे यासाठी त्यात मुद्दाम मेहनत घेतलेली होती.