गाजरगवत आणि परदेशी भुंगा

आमच्या कुंभार पिंपळगावच्या शिवारात जुन्या माणसांचं भांडण हरळी, कुंदा न् लव्हाळ्याशी असायचं. गाजरगवत मागाहून आलं. आपल्याकडं त्याचा बोभाटा झाला तो १९५५ साली, पुण्यात ते दिसल्यावर. अमेरिकेच्या मदतीच्या गव्हातून आलं, असं लोक सांगतात. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं. बांध, पडीक, गावठाण, काही सोडलं नाही त्यानं. खुरपणाऱ्या बायांच्या अंगाला खाज सुटायची, कुणाला धाप लागायची.

मग शास्त्रज्ञांनी त्याचा वैरी मेक्सिकोतून आणला. इतर पिकं खातो का, हे तपासून १९८४ साली हा भुंगा बंगळुरूकडं सोडला. पुढं तो सूर्यफुलावर दिसला आन् एकच ओरड झाली. सरकारनं भुंगे सोडणं थांबवलं, समिती नेमली. गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानावर पडले म्हणून भुंगा तिकडं वळला, पिकाला मोठा धोका नाही, असं ठरल्यावर बंदी उठली. परभणीच्या कृषी विद्यापीठानंही शेतकऱ्यांना हे भुंगे दिले.

भुंगा पावसाळ्यात पानं खातो आणि कोरडे महिने जमिनीत काढतो. गवत मात्र पाण्याच्या कडेला बारमाही उगवतं. त्यामुळं फुलायच्या आधी ते उपटणं काही सुटलं नाही.

गवत कुणाला न विचारता आलं, भुंगा पारखून आणला. तरी रानात सोडलेला जीव परत डबीत भरता येत नाही. म्हणून असं काही सोडायच्या आधी, ज्याचं पीक शेजारी उभं आहे त्यालाही विचारावं.