न चढवलेला लाल बावटा

संपादक मंडळाने शाळेच्या आठवणी मागितल्या होत्या. डबे, छड्या, सहली आणि गॅदरिंग यांवर बाकीचे सगळे भरभरून लिहितीलच, म्हणून मी इतिहासाचा एक धडा लिहून देते आहे. तो आपल्या पुस्तकात नव्हता. खरं तर असायला हवा होता, कारण आपली शाळा बंदराच्या गावातली. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरचं कुणी ना कुणी बोटीवर असायचं. आपल्या तुकडीतले दोघे आजही मर्चंट नेव्हीत आहेत. त्यांच्या घरचे फोनवर पहिला प्रश्न विचारतात, "आत्ता कुठे आहात?" आणि हल्ली कधी कधी त्याचं सरळ उत्तर मिळत नाही. ते का मिळत नाही, त्याचा हा इतिहास.

माझं काम संगणकाचं. एखादा निरोप कुणाकडे जावा, तो पोचला हे कसं कळावं, जुना झाला की तो रद्द कसा करावा, यात माझा दिवस जातो. दर्यावर्दी लोकांनी हे प्रश्न फार पूर्वी सोडवले होते. ब्रिटिश नौखात्याने १८३४ पासून खलाशांसाठी सूचनापत्रं छापायला सुरुवात केली. कुठे नवा खडक सापडला, कुठला दिवा बंद पडला, कुठे बुडालेली बोट आडवी पडली आहे, अशा त्या सूचना. प्रत्येक सूचनेला क्रमांक. जहाजावरचा अधिकारी ती वाचून हाताने नकाशा दुरुस्त करणार आणि नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात तो क्रमांक लिहून ठेवणार. म्हणजे नकाशा हातात घेतला की तो कुठवर ताजा आहे हे लगेच कळतं. भूगोलाच्या बाईंनी आपल्याकडून अक्षांश-रेखांश घोटून घेतले होते, ते याच कामाचे.

या सगळ्या व्यवस्थेमागे एक साधा करार आहे. समुद्रावरचा धोका ज्याला कळला त्याने तो सगळ्यांना सांगायचा, मग ऐकणारा कुठल्याही देशाचा असो. युद्ध सुरू झालं की पहिला घाव या करारावर पडतो.

१९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात दोन्ही बाजूंनी समुद्रात पाणसुरुंग पेरले. युद्ध संपलं, पण सुटे झालेले सुरुंग तरंगत राहिले आणि ज्यांचा त्या भांडणाशी काही संबंध नव्हता असे शेकडो चिनी लोक त्यांवर आपटून मेले. म्हणून १९०७ साली हेग इथे राष्ट्रांनी नियम केले. नांगरलेला सुरुंग दोरखंडापासून सुटला की तो निकामी झाला पाहिजे. न नांगरलेला सुरुंग, पेरणाऱ्याच्या ताब्यातून गेल्यावर तासाभरात निकामी झाला पाहिजे. फक्त व्यापारी जहाजं अडवायची म्हणून शत्रूच्या किनाऱ्यासमोर सुरुंग पेरायचे नाहीत. आणि कुठे सुरुंग पेरलेत हे जहाजवाल्यांना कळवायचं.

नियम उत्तम होते, पण त्यांना दोन भगदाडं होती. व्यापारी जहाजांबद्दलचं कलम जर्मनीने आणि फ्रान्सने आपल्यापुरतं मान्य केलं नाही. आणि कळवण्याच्या कलमात एक शेपूट होतं: लष्करी निकड परवानगी देईल तेव्हा. हे शेपूट लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याचीच आहे.

पहिलं महायुद्ध हिंदी महासागरात पोचलं ते 'एमडन' या जर्मन क्रूझरच्या रूपाने. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री तिने मद्रासवर तोफा डागल्या आणि बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. युद्ध सुरू होऊन दीड महिना झाला होता, तरी मद्रासचे दिवे चालू होते, दीपगृहही उजळलेलं होतं. पकडलेल्या बोटींवरची वर्तमानपत्रं चाळून कुठली बोट कुठून कधी निघणार हे एमडनच्या अधिकाऱ्यांना आयतं कळत असे. व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी रोज छापल्या जाणाऱ्या याद्या शत्रूच्याही सोयीच्या निघाल्या. म्हणजे युद्धकाळात दिवे मालवण्याला, बोटींच्या वेळा न छापण्याला खरोखर कारण होतं. गुप्तता हा कुणा साहेबाचा निव्वळ लहरीपणा नव्हता, हे आधी मान्य करायला हवं.

मग आली 'वुल्फ'. साध्या मालवाहू बोटीच्या वेषातलं हे जर्मन लढाऊ जहाज नोव्हेंबर १९१६ मध्ये कील बंदरातून निघालं. पोटात साडेचारशेच्या वर सुरुंग. केपटाउन, कोलंबो असं करत फेब्रुवारी १९१७ मध्ये ते मुंबईसमोर आलं आणि रात्रीच्या अंधारात सुरुंग पेरून निघून गेलं. अर्थातच कुणाला कळवलं नाही. कोलंबोजवळ दोन बोटी त्याच महिन्यात बुडाल्या. मुंबईचे सुरुंग मात्र चार महिने गप्प होते. ११ जूनला 'सिटी ऑफ एक्सेटर' त्यांवर आपटून जबर जखमी झाली. १७ जूनला 'क्रॉक्स्टेथ हॉल' बुडाली. २३ जूनला पी अँड ओ कंपनीची टपालबोट 'मंगोलिया' गेली, वीसहून अधिक माणसांसह. वुल्फ तेव्हा मुंबईपासून फार दूर, पॅसिफिकमध्ये होतं. सुरुंगाचं हेच भय. पेरणारा निघून जातो आणि तो कुठे होता हे सांगायला कुणी उरत नाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये वुल्फच्याच सुरुंगावर ऑस्ट्रेलियाजवळ 'कंबरलँड' ही बोट आपटली. तिथल्या अधिकाऱ्यांनी आधी जाहीर केलं की स्फोट बोटीच्या आत झाला, घातपात असावा. सुरुंग सापडल्यावर ते मागे घ्यावं लागलं. चुकीची सूचना ही सूचना नसण्याहून घातक, कारण लोक तेवढा वेळ भलतीकडेच बघत राहतात.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत नियमांचं मोठं शास्त्र झालं होतं. जहाजांनी ताफ्याने जायचं. रात्री एकही दिवा बाहेर दिसू द्यायचा नाही. बिनतारी यंत्र ऐकायला चालू, बोलायला बंद. मार्गाचे आणि सुरुंगमुक्त वाटांचे कागद फक्त कप्तानाकडे, आणि बोट शत्रूच्या हाती पडायची वेळ आली तर ते वजन बांधून समुद्रात सोडायचे. मदतीच्या हाकेलाही वर्गवारी आली. पाणबुडीचा हल्ला असेल तर 'एस' हे अक्षर चार वेळा, विमानाचा असेल तर 'ए' चार वेळा, व्यापारी बोटीच्या वेषातलं लढाऊ जहाज असेल तर 'क्यू' चार वेळा. मरणाच्या दारात उभा असलेला तारायंत्र्या स्वतःसाठी मदत मागता मागता मागून येणाऱ्या बोटींना धोक्याची जातही सांगत होता. जुना करार असा अंगात मुरला होता.

आणि तरीही १४ एप्रिल १९४४ घडलं.

'फोर्ट स्टिकीन' ही बोट फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईत आली. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, शिवाय सोन्याच्या विटा. कराचीला त्यात कापसाच्या हजारो गठड्या आणि वंगणतेल चढवलं. कप्तान नाईस्मिथ यांनी या मिश्रणाबद्दल तक्रार केली होती, पण जागेची टंचाई होती आणि युद्ध होतं.

शांततेच्या काळात असलं जहाज गोदीत घेत नसत. ते बाहेर नांगरायचं आणि दारूगोळा पडावांतून उतरवायचा. शिवाय डोलकाठीवर लाल बावटा चढवायचा: धोकादायक माल, लांब राहा. युद्धात दोन्ही नियम बाजूला पडले. बोट थेट व्हिक्टोरिया डॉकच्या एक नंबरच्या धक्क्याला लागली. बावटा चढवला नाही. चढवला असता तर हेराला आणि विमानाला नेमकं कुठे मारायचं ते कळलं असतं, असा हिशेब. लष्करी निकड!

दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या खणात आग लागल्याचं लक्षात आलं. बंब आले, पाण्याचे फवारे सुरू झाले. बोट बाहेर न्यायची की तिथेच बुडवायची यावर एकमत झालं नाही. आजूबाजूच्या बोटींवर माल चढत-उतरत होता. धक्क्यावर माणसं बघत उभी होती. गोदीत आगी अधूनमधून लागतच. ही वेगळी आहे हे सांगणारी खूण डोलकाठीवर नव्हती. ३ वाजून ५० मिनिटांनी बोट सोडण्याचा हुकूम निघाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा. १,७०० किलोमीटरवरच्या सिमल्यातल्या यंत्रावर जमिनीचा हादरा नोंदला गेला. पेटता कापूस आणि लोखंड मस्जिद बंदरापर्यंतच्या वस्तीवर कोसळलं. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. कप्तान नाईस्मिथ गेले. एकूण मृत्यू आठशेच्या पुढे, काही अंदाजांनी तेराशे. तेरा जहाजं गेली. राडारोडा उपसायला आठ हजार माणसं सात महिने खपत होती.

बातमीवरही सेन्सॉरने बावटा चढू दिला नाही. जगाला ती प्रथम सांगितली जपान्यांच्या ताब्यातल्या रेडिओ सायगॉनने, दुसऱ्याच दिवशी. ज्यांच्यापासून लपवायची होती त्यांनाच आधी कळली होती.

लाल बावट्याने आग विझली नसती, हे खरं. पण बावटा पाहून बघे पांगले असते, शेजारच्या बोटींनी विचार केला असता, पहिल्या बंबावरच्या माणसाला आपण कशावर पाणी मारतो आहोत हे पहिल्या मिनिटाला कळलं असतं. मला या इतिहासातून एक प्रश्न सापडतो आणि कामावरही तो मी विचारत असते: माहिती नक्की कुणापासून लपवतो आहोत? एमडनच्या वेळी उत्तर होतं, शत्रूपासून. फोर्ट स्टिकीनच्या वेळी किंमत मोजली ती धक्क्यावरच्या हमालाने आणि बंबवाल्याने.

आज हिंदी महासागराच्या आपल्या भागातल्या इशाऱ्यांची जबाबदारी भारताकडे आहे. समुद्रापासून कोसो दूर, डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयातून हे काम चालतं. जहाजावरचं नॅव्हटेक्स यंत्र किनाऱ्याजवळचे इशारे आपोआप घेतं. नको ते संदेश त्यात बंद करता येतात, पण मार्गातला धोका, वादळाची सूचना आणि बचावकार्याचे संदेश बंद करता येत नाहीत. तशी सोयच ठेवलेली नाही. ही रचना ज्यांनी केली त्यांच्यापुढे मी व्यवसायबंधू म्हणून हात जोडते.

नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा जुनं कोडं पुन्हा समोर आलं. जहाजाची जागा सतत सांगणारं यंत्र असतं. सुरक्षेचा धोका वाटला तर कप्तानाला ते बंद करता येतं. काहींनी ते बंद केलं. काहींनी उलट केलं, आपल्या मुक्कामाच्या रकान्यात 'सगळे खलाशी चिनी' असं लिहून टाकलं. कुणी लपून वाचू पाहत होतं, कुणी सांगून. मार्च २०२४ मध्ये 'ट्रू कॉन्फिडन्स'वर क्षेपणास्त्र पडून तीन खलाशी मेले. उरलेल्या २१ जणांना आयएनएस कोलकाताने वाचवलं, त्यांत एक भारतीय होता. त्याच्या घरीही फोनची वाट बघत कुणी बसलं असेलच.

१४ एप्रिल ही तारीख आपल्याला आंबेडकर जयंतीमुळे पाठ आहे. त्याच दिवशी देशभर अग्निशमन सेवा दिनही असतो, त्या ६६ जणांच्या स्मरणार्थ. शाळेतल्या आजच्या गुरुजनांना विनंती एवढीच, की त्या दिवसाच्या आसपास एखाद्या तासाला मुलांना ही गोष्ट सांगा. आपल्या गावातली काही मुलं उद्या बोटीवर जाणारच आहेत. आणि आपल्या दोन दर्यावर्दींच्या घरच्यांना सांगते: "आत्ता सांगता येत नाही" असं उत्तर आलं, तर ते नियमाने वागताहेत असं समजा. काळजी मात्र वाटणारच, तिला नियम नाही.